धीर धरायचा, पण किती?

प्रश्न : निवृत्तीच्या पैशातून घेतलेला एका मध्यम कंपनीचा शेअर निम्म्यावर आलाय. व्यवस्थापन दर तिमाहीला ‘धीर धरा’ म्हणतं. किती धरू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची खरेदीची किंमत आधी विसरा, कंपनीला ती ठाऊक नाही. भाव पडला म्हणून व्यवस्थापन वाईट ठरत नाही, आणि साहेब गोड बोलतात म्हणून चांगलंही. मागच्या पाच-सहा तिमाहींची निवेदनं काढा, वहीत दोन रकाने पाडा : काय म्हणाले, काय झालं. कारखाना लांबला, पण कारण आणि नवी तारीख वेळेत सांगितली, तर मी थांबेन. दर वेळी कारण नवं, कधी पाऊस, कधी चीन, तर नाही.

नफ्याआधी रोखप्रवाहाचा तक्ता वाचा. कागदावर नफा आणि येणी मात्र फुगत चाललेली, हे लक्षण बरं नव्हे. प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत, ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला दिसतं. लेखापरीक्षक मुदतीआधीच राजीनामा देऊन गेला, तर हातातला चहा खाली ठेवा.

‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा आठवा. १६ डिसेंबर २००८ ला संचालक मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी निगडित दोन ‘मायटास’ कंपन्या घ्यायचं ठरवलं. भागधारक खवळले, काही तासांत बेत गुंडाळला. खोट्या हिशेबांची कबुली आली ७ जानेवारी २००९ ला. मधले तीन आठवडे बाहेर पडायला दार उघडं होतं.

आणि हो, वार्षिक सभेचं ई-मतदान कधी केलंय का? संचालकांच्या फेरनियुक्तीचे ठराव तिथेच येतात.