भंडाऱ्याची पोटनिवडणूक, १९५४

चि. भाच्यास,

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. पुढे १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवले आणि ते राज्यसभेवर गेले. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता.

मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते असत. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे आणि पडद्याआड मतपत्रिका तीत टाकायची. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्यामुळे आपल्या माणसाला एक मत द्यायचे आणि दुसरे कोणालाच द्यायचे नाही, ही युक्ती निघाली. तिला ‘मत कुजवणे’ म्हणत. निवडणुकीत उतरू पाहणाऱ्या तरुणाने भाषणांआधी हा हिशेब समजून घ्यावा.

मुंबईतील पराभवानंतर याच कुजवलेल्या मतांविरुद्ध आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली होती. भंडाऱ्यातही जोडी तीच: सर्वसाधारण जागेसाठी मेहता, राखीव जागेसाठी आंबेडकर. आंबेडकरांच्या पक्षाच्या, म्हणजे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या, कार्यकर्त्यांनी दुसरे मत कुजवण्याचा आग्रह धरला, पण बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, असे सांगितले जाते. ज्या गोष्टीविरुद्ध दाद मागितली, तीच करायची कशी? प्रचारात त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडाडून टीका केली. दिल्लीला झोंबणारा हा विषय धानाच्या बांधावरच्या मतदाराला कितपत भिडला असेल, ही शंकाच आहे.

निकालात मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी जिंकली. आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी मागे राहिले. मेहतांना मत देणाऱ्या सवर्णांपैकी अनेकांचे दुसरे मत बाबासाहेबांकडे वळले नाही, हे उघड आहे. युती नेत्यांची झाली, मतदारांची झाली नाही.

आंबेडकरांचे राज्यसभेतील काम मात्र थांबले नाही. २६ ऑगस्ट १९५४ रोजी परराष्ट्र धोरणावरील चर्चेत त्यांनी भंडाऱ्यात मांडलेली टीका पुन्हा मांडली आणि आग्नेय आशियाच्या प्रस्तावित संरक्षण कराराचाही विचार केला. पुढच्याच महिन्यात फिलिपिन्समधील मनिला येथे त्या करारावर सह्या झाल्या. भारत त्यात सामील झाला नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले तेव्हाही आंबेडकर राज्यसभेचे सदस्य होते.

तुझा मामा