चारही चाकांना एकच माप

‘मागचे दोन टायर झिजले आहेत, तेवढेच नवे घाला’ हा सल्ला साध्या मोटारीच्या बाबतीत चालून जातो. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचविणाऱ्या जीपसारख्या वाहनाला मात्र तो महागात पडू शकतो. असे का व्हावे, हे शालेय भूमितीच्या आधाराने सांगण्याचा मी येथे प्रयत्न करणार आहे.

उदाहरणादाखल २१५/७५ आर १५ या मापाचा टायर घेऊ. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर आणि परीघ सुमारे २,२१० मिलिमीटर येतो. समजा, नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल होती व झिजून ती ३ मिलिमीटर उरली. त्रिज्या ५ मिलिमीटरने घटली, म्हणजे परीघ सुमारे ३१ मिलिमीटरने घटला. एका किलोमीटरात नवे चाक ४५२.५ फेरे घेईल, तर झिजलेले ४५९. वजनाखाली टायर दबत असल्याने प्रत्यक्ष आकडे थोडे निराळे येतील. तत्त्व मात्र बदलत नाही.

हे साडेसहा फेरे जातात कुठे, हाच खरा प्रश्न आहे. १९४१ च्या विलीस जीपपासून चालत आलेल्या रचनेत ट्रान्स्फर केसचा दांडा ओढला की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोघांनी सारखेच फिरायचे असा दंडक! मग पुढे झिजलेले व मागे नवे टायर असतील, तर दर किलोमीटरला सुमारे १४ मीटरचा फरक कुठेतरी घसरून भरून काढावा लागतो. चिखलात चाके सहज घसरतात, म्हणून तिथे काही बिघडत नाही. कोरड्या डांबरावर ती घसरायला तयार नसतात. शाफ्टला पीळ बसतो, दांडा अडकतो, टायर खरवडले जातात आणि गिअर व जोडांवर नाहक ताण येतो.

खरे तर अशा वाहनात कोरड्या रस्त्यावर दांडा ओढूच नये. कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. टायर विजोड असतील, तर हाच ताण सरळ रस्त्यावरही येतो, एवढाच फरक. आपल्या खानापूर भागातील चिखलाच्या वाटेवरून जांबोटीच्या डांबरी सडकेवर येताना दांडा मागे घ्यायला विसरू नये, तो याचसाठी.

कायम चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांत मध्ये तिसरे डिफरन्शियल असते. ते हा फरक सोसते, पण त्याला क्षणाची उसंत मिळत नाही. जिथे त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला क्लचच्या चकत्या असतात, तिथे सततच्या घर्षणाने उष्णता वाढून त्या निकामी होऊ शकतात. एकाच अ‍ॅक्सलवर एक नवा व एक जुना टायर असेल, तर त्या अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही वळणाचेच काम करावे लागते.

तेव्हा उपाय काय? चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे घ्यावेत आणि एकदमच बदलावेत. स्टेपनीसह त्यांची दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करावी, म्हणजे पाचही सारखे झिजतील. हवा पुस्तकात दिल्याप्रमाणे भरावी. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो. पण चोर्ला घाटातल्या पावसात तिथवर थांबणे शहाणपणाचे नाही. दोन टायरचे पैसे वाचवून ट्रान्स्फर केस उघडायची वेळ आली, तर ती काटकसर कसली?

विद्यार्थी मित्रांनी एक प्रयोग जरूर करावा. टायरवर खडूची खूण करून गाडी सरळ ढकलावी, दहा फेऱ्यांचे अंतर टेपने मोजावे आणि चारही चाकांचे आकडे शेजारी मांडावेत. वरच्या उदाहरणातला फरक ३१ सेंटिमीटर भरेल. पाय चे सूत्र परीक्षेपुरते नाही, हे त्या टेपवर दिसेल.