भगंदर : ओळख व उपचार

रोवणीच्या दिवसांत बांधींत राबणारा कास्तकार पायाला कांटा रुतला तर चारचौघांत सांगतो. पण गुदद्वाराशेजारीं पुळी झाली तर महिनोन् महिने घरांतही बोलत नाहीं. पुळी फुटते, पू वाहतो, ठणका थांबतो, आणि तो समजतो कीं बरें झालें. कांहीं दिवसांनीं तेंच पुन्हां. हा बहुधा भगंदर असतो. लोक त्यास मूळव्याध समजतात. परंतु मूळव्याधींत बहुतेक रक्त पडतें, भगंदरांत पू झिरपतो.

गुदमार्गाच्या आंत बारीक ग्रंथी असतात. त्यांतील एखादी पिकली म्हणजे पू बाहेर वाट काढितो. बाहेरचें तोंड मिटलें तरी आंतलें उघडेंच राहतें. म्हणून वरून मलम लावणें म्हणजे मूळ नोंद तशीच ठेवून शेरा खोडण्यासारखें आहे. गोळ्यांनीं सूज उतरेल, नळी बुजत नाहीं. लाज धरण्याचें तर कारणच नाहीं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यासही १६८६ सालीं याकरितां शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

नळी उथळ असल्यास शस्त्रवैद्य ती उघडी करून जखम तळापासून भरूं देतात. खोल असल्यास स्नायू कापला जाऊन मलावरचा ताबा जाण्याची भीति असते. तेथें दोरा घालणें हा एक मार्ग आहे. सुश्रुतानें सांगितलेलें क्षारसूत्र त्यांतलेंच. दोऱ्यावर थोर जातीच्या निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांचे मिळून २१ लेप देतात व तो दर आठवड्यास बदलतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत क्षारसूत्रानें बरें होण्यास सुमारें ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनें ४. पण रोग उलटण्याचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ४ व ११ आढळलें. रोवणी तोंडावर असेल त्यानें हा हिशेब डॉक्टरांपुढें मांडावा.

आघाडा धुऱ्यावर व निवडुंग कुंपणाला आहे म्हणून घरीं प्रयोग करूं नये. तो चीक कातडी जाळतो, डोळ्यांत गेल्यास दृष्टीस धोका. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थानें फिरत्या उपचारकाकडून जाळून घेतलें. एका तोंडाचीं तीन झालीं.

ताप येऊन बसवत नसेल तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. सांचलेला पू त्वरित काढावा लागतो. मधुमेह तपासून घ्यावा. नळी वारंवार उलटत असल्यास क्षयाचाही संशय धरतात. तेव्हां काढलेला तुकडा तपासणीस पाठविला कीं नाहीं, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें.