साग पुन्हा फुटतो

सागाचे झाड तोडले तर पुढे काय होते? तुम्ही जंगलाजवळची माणसे. तुम्हाला ठाऊक आहे. मूळ जिवंत असले तर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. माणसाच्या मनाचेही तसेच आहे.

कोरोनाचे दिवस आठवा. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी लागली. आपल्या गोंडपिपरीकडची माणसे तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. मोटारी बंद, गाड्या बंद. कित्येक जण लेकरे कडेवर घेऊन पायी परतले. गावाजवळ आले, तो गावच त्यांना भिऊ लागला. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. तिने कितीतरी घरांतला कर्ता माणूस नेला.

आजार ओसरला. पण मनातले दुःख लगेच गेले काय?

आमच्या वर्गात एक बाई येतात. त्यांचे घरधनी त्या उन्हाळ्यात वारले. खांदा द्यायला चार माणसेही आली नाहीत. मीही गेलो नाही. मी भ्यालो होतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

बाई कोणाशी बोलेनात. शेजारची एक म्हातारी रोज सांजेला येई आणि ओसरीवर बसे. "रड माय," एवढेच म्हणे. एक दिवस बाई पोटभर रडल्या. मग बोलू लागल्या. पावसाळा लागला. त्या रोवणीला गेल्या. घर चालवले. पण कागदावर अंगठा देताना त्यांना वाईट वाटे. कागदात काय लिहिले ते कळत नसे. म्हणून त्या वर्गात आल्या. आज त्या सही करतात.

मी विचारले, "बाई, आता दुःख गेले काय?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, दुःख तं हाये. पण आता मी त्याले भेत नाही."

आता गावात कोणाकडे मयत झाली, की त्या आधी जातात. ओसरीवर बसतात.

या गोष्टीत मनाची तीन औषधे आहेत. पहिले, बोलणे. दुसरे, हाताला काम. तिसरे, दुसऱ्याच्या दुःखात जाणे.

आपल्याच जिल्ह्यात वरोऱ्याला पहा. तिथे बाबा आमटे यांनी १९५१ साली आनंदवन उभे केले. कुष्ठरोगामुळे ज्यांना घराने टाकले, त्यांनीच तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, कापड विणले. काम मिळाले, सोबत मिळाली. त्यांची मान पुन्हा वर झाली.

पण दुःख चांगले असते, असे कोणी म्हणू नये. गेलेला माणूस परत येत नाही. सगळ्यांची मनेही एकाच वेळी सावरत नाहीत. ज्याला वेळ लागतो, तो कमजोर नव्हे.

कित्येक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव द्यावासा वाटतो, असे झाले तर ती करणी नव्हे. तो मनाचा आजार आहे. त्याला औषध आहे. दवाखान्यात जा. १४४१६ या नंबरावर फोन करा. ही सरकारी मदत २०२२ साली सुरू झाली. पैसे लागत नाहीत. दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते.

अभ्यास

१. शेजारच्या म्हातारीने काय केले?
२. मनाची तीन औषधे कोणती?
३. १४४१६ हा आकडा घरच्या भिंतीवर लिहा.
४. तुमच्या गावात कोणाकडे जाऊन बसायचे राहिले आहे? आज जा.