कर्करोग संशोधन केंद्रे व शासकीय अनुदान : वैद्य आणि औषधनिर्मात्यांसाठी काही विचार

कर्करोग संशोधनावर शासन कोट्यवधी रुपये खर्च करते, आयुर्वेदाच्या वाट्यास मात्र काहीच येत नाही, अशी तक्रार आपल्या व्यवसायबंधूंकडून नेहमी ऐकू येते. तिचा विचार करण्यापूर्वी अनुदान कोणास व कोणत्या अटींवर मिळते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढाच विषय घेतला आहे.

पूर्वपीठिका

परळचे टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दानातून सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. १९५२ साली स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था १९६६ मध्ये त्यास जोडली गेली. पुढे २००२ पासून खारघर येथे संशोधनाचे स्वतंत्र संकुल उभे राहिले. दानातून आरंभ आणि शासकीय अनुदानातून विस्तार, असा हा क्रम आहे.

अनुदानाचे तीन प्रकार

१) संस्थात्मक अनुदान : वेतन व दैनंदिन खर्चासाठी संस्थेस नियमितपणे मिळणारी रक्कम. टाटा स्मारक केंद्र या प्रकारात मोडते.

२) भांडवली अनुदान : इमारत व यंत्रसामग्रीसाठी. २०१३-१४ मधील केंद्रीय योजनेत राज्य कर्करोग संस्थेसाठी १२० कोटी व तृतीय स्तरावरील केंद्रासाठी ४५ कोटी रुपयांची कमाल मर्यादा ठरली. तीत राज्याचा वाटाही धरलेला होता.

३) प्रकल्प अनुदान : एका निश्चित प्रश्नाच्या अभ्यासासाठी, ठराविक मुदतीचे. आयुष मंत्रालयाची २०२१-२२ पासूनची आयुर्ज्ञान योजना याच प्रकारची आहे.

पहिले दोन प्रकार मोठ्या संस्थांसाठीच असतात. आपल्यासारख्यांना द्वार खुले आहे ते तिसऱ्याचे, आणि तेही बहुधा एखाद्या महाविद्यालयाच्या वा रुग्णालयाच्या सहकार्याने. ही रक्कम हप्त्यांनी मिळते. उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याखेरीज पुढील हप्ता सुटत नाही, आणि अखर्चित रक्कम परत करावी लागते.

प्रस्ताव कोठे अडतो?

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी व अर्बुद यांचे वर्णन आहे. परंतु अर्बुद म्हणजेच कर्करोग असे गृहीत धरून लिहिलेला प्रस्ताव पहिल्याच छाननीत अडतो. तेथे ऊतिपरीक्षणाने सिद्ध झालेले निदान लागते. "अमुक कल्पाने कर्करोग बरा होतो का?" हा प्रश्न फार व्यापक आहे. त्याऐवजी "किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या मुखपाकात यष्टीमधूच्या गंडूषाने वेदना कमी होतात का?" असा प्रश्न मोजता येतो. त्यास तुलनेचा गट, पुरेशी रुग्णसंख्या, नीतिसमितीची मान्यता आणि भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत पूर्वनोंदणी यांची जोड हवी. आयुर्वेदीय औषधांच्या चाचण्यांसाठी मार्च २०१३ मध्ये शासनाने मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत.

चालू असलेली शस्त्रक्रिया, किरणोपचार वा रसायनोपचार थांबवून असा अभ्यास करणे सर्वथा गैर होय. आपली औषधे त्या औषधांशी कशी वागतात, याकडेही लक्ष ठेवावे लागते.

आपले कर्तव्य

वैद्यांनी रुग्णपत्रके पूर्ण ठेवावीत. निदान, आधुनिक उपचारांचा तपशील, मात्रा, अनुपान आणि पाठपुरावा यांची नोंद असावी. गुण न आलेल्या रुग्णांचीही असावी. केवळ यशस्वी रुग्णांची यादी हा पुरावा ठरत नाही.

औषधनिर्मात्यांनी द्रव्याची ओळख, तुकडी क्रमांक, जड धातूंची व सूक्ष्मजीवांची तपासणी यांची कागदपत्रे जपावीत. चाचणीतील प्रत्येक तुकडी एकसारखी नसेल, तर निष्कर्षास किंमत उरत नाही. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने मनाई आहे, हेही स्मरणात ठेवावे. अशा जाहिरातीस भुलून रुग्ण वेळीच रुग्णालयात पोहोचला नाही, तर होणारी हानी कोणत्याही अनुदानाने भरून निघणारी नाही.

सारांश, शासनाकडे मागणी करण्याचा आपला हक्क आहेच. परंतु त्या मागणीस बळ येते ते वर्षानुवर्षे सांभाळलेल्या नोंदींतून. त्या नोंदी ठेवण्यास कोणाच्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. वाचक व्यवसायबंधूंनी आपल्या चिकित्सालयात हा आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे.