आवाज कुठून येतो?

[गाडीत नवी म्युझिक सिस्टिम बसवल्यावर कधी कधी गाण्याबरोबर नको असलेला आवाजही ऐकू येतो. तो आवाज कसा शोधून काढला, हे या पाठात एक मुलगा सांगत आहे.]

माझ्या चाचांचे मालेगावात हमरस्त्याला लागून एक छोटेसे दुकान आहे. तेथे गाड्यांच्या वायरिंगची कामे होतात. चाचांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. सुट्टीत मी रोज सकाळी दुकानात जाऊन बसतो.

त्या दिवशी दुकान उघडले, तोच एक जीप दारात येऊन उभी राहिली. ड्रायव्हर रागारागाने खाली उतरला.

"उस्ताद, काल तुमच्या मुलाने सिस्टिम बसवली. गाणं कमी आणि आवाजच जास्त! उद्या पहाटे नाशिकला वऱ्हाड न्यायचं आहे. लोक मला बोलतील. हे सगळं काढून घ्या आणि माझे पैसे परत द्या."

भाईजानचा चेहरा उतरला. त्याने एकट्याने केलेले ते पहिलेच काम होते. चाचा त्या दिवशी बाहेरगावी गेले होते आणि जाताना दुकानाची किल्ली प्रथमच त्याच्या हाती देऊन गेले होते.

चाचा शांतपणे म्हणाले, "पैशांचं नंतर बघू. आधी सांगा, आवाज कसा येतो?"

"कसा म्हणजे? आवाज येतो!"

"खरखर येते, टिकटिक होते, की शिट्टी वाजते?"

ड्रायव्हर विचार करू लागला. मलाही गंमत वाटली. मी तर सगळ्याला 'शोर' म्हणून मोकळा झालो असतो! पण चाचांच्या कामात या शब्दांना फार किंमत आहे. हात लावला, की खरखर कमीजास्त होत असेल, तर एखादा जोड सैल असतो. इंजिनाबरोबर टिकटिक येत असेल, तर ती ठिणगीची असू शकते. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते आणि तिचा उपद्रव रेडिओला होतो. हे दुखणे फार जुने आहे. अमेरिकेतील शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली 'मोटोरोला' हा मोटारीतला रेडिओ विकायला काढला. तेव्हाही बसवणाऱ्यांना ही खरखर दाबण्यासाठी खटपट करावी लागे.

"शिट्टीसारखा बारीक आवाज आहे," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी पळवली, की तोही चढतो."

"तुमची जीप डिझेलची. तिच्यात ठिणगी नाही. म्हणजे ते कारण गेलं," चाचा म्हणाले. मग त्यांनी भाईजानकडे पाहिले. "बस आत. मी सांगतो तसं कर."

आधी इंजिन बंद ठेवून सिस्टिम लावली. गाणे अगदी स्वच्छ! मग इंजिन सुरू केले. लगेच गाण्यामागे 'ऊंऽऽ' असा बारीक सूर सुरू झाला. भाईजानने ॲक्सिलरेटर दाबला, तसा सूर वर गेला. सोडला, तसा खाली आला.

"हा अल्टरनेटरचा सूर," चाचा मला म्हणाले. अल्टरनेटर इंजिनाबरोबर फिरतो आणि बॅटरी भरतो. त्यात तयार होणारी वीज उलटसुलट दिशेने वाहणारी असते. डायोड तिला एका दिशेची करतात. पण ती अगदी सपाट होत नाही, तिच्यात बारीक लाटा उरतात. हातपंपाचे पाणी जसे हिसक्याहिसक्याने येते, तसेच हे. बॅटरी हौदासारखी असते. ती या लाटा बऱ्याच शांत करते. तरी थोड्या राहतातच.

"मग प्रत्येक गाडीत शिट्टी का वाजत नाही?" मी विचारले.

"शाबास! तेच शोधायचं आहे. लाटा सगळीकडे असतात. त्यांना गाण्यात शिरायला दार कुणी उघडलं?"

त्यांनी भाईजानला आवाजाचे बटण शून्यावर आणायला सांगितले. गाणे बंद झाले. पण शिट्टी तेवढीच राहिली. म्हणजे ती बटणाच्या आधी शिरत नव्हती, पुढे कोठेतरी शिरत होती. पुढच्या सिस्टिमपासून सिग्नलची तार सीटखालच्या ॲम्प्लिफायरकडे जात होती. भाईजानने सर्व बंद करून ती तार ॲम्प्लिफायरमधून काढली आणि पुन्हा इंजिन लावले. शिट्टी गायब! म्हणजे ॲम्प्लिफायर ठीक होता. दोष सिग्नलच्या वाटेने येत होता.

पायदाणाचे रबर उचलले. पाहतो तो काय, सिग्नलची तार आणि बॅटरीकडून येणारी जाड लाल तार एकमेकींना बांधून शेजारी शेजारी नेलेल्या! भाईजान हळूच म्हणाला, "अब्बा, हीच चूक असणार."

"असेल. पण खात्री करून घे."

त्याने दुसरी सिग्नलची तार आणली आणि सीटच्या वरून, लाल तारेपासून दूर टाकून जोडली. शिट्टी थोडी कमी झाली. पण गेली नाही. ड्रायव्हरने पुन्हा घड्याळात पाहिले. मला भाईजानची फार काळजी वाटू लागली.

"एक चूक सापडली, की माणूस शोधणं थांबवतो," चाचा म्हणाले. "आता अर्थ बघ."

मराठीच्या पुस्तकात 'अर्थ' म्हणजे शब्दाचा मतलब. पण गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली काळी तार! गाडीतील बहुतेक वस्तूंमधून वीज परत बॅटरीकडे जाते, ती या पत्र्यातूनच. अर्थ चांगला लागला नाही, तर वीज दुसरी वाट शोधते. सिग्नलच्या तारेभोवती धातूची जाळी असते. वीज त्या जाळीतून जाऊ लागते आणि अल्टरनेटरच्या लाटाही बरोबर नेते. मग त्या स्पीकरमध्ये ऐकू येतात.

इंजिन चालू ठेवून भाईजानने मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या जागी लावले. मीटरने जवळजवळ अर्धा व्होल्ट दाखवला.

"एक दशांश व्होल्टसुद्धा असता कामा नये," चाचा म्हणाले. "कुठे लावलास अर्थ?"

"सीटच्या पट्टीच्या बोल्टला."

"रंग खरवडला होतास?"

भाईजान गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही. घाई झाली होती." हे तो ड्रायव्हरसमोरच बोलला. मला वाटले, आता चाचा रागावणार. पण ते फक्त म्हणाले, "पाना घे. आधी बॅटरीची ऋण तार सोडव."

भाईजानने जवळच पत्र्यावर एक जागा निवडली. पत्र्याखाली डिझेलची नळी किंवा टाकी नाही, हे खाली वाकून पाहिले. तेथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला. लाल तारेइतकीच जाड, पण हातभरसुद्धा लांब नसलेली काळी तार घेतली. तिला गोल थिंबल लावले, दातेरी वॉशर घातला आणि बोल्ट घट्ट आवळला. गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावले. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र त्याने हात लावला नाही. तो बोल्ट माणसाचा जीव सांभाळण्यासाठी असतो, असे चाचा नेहमी सांगतात.

पुन्हा इंजिन लावले. मीटरवर आता तीन शतांश व्होल्ट! शिट्टी थांबली होती.

"झालं तर मग!" ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला.

"नाही झालं. तारा अजून वेगळ्या करायच्या आहेत," भाईजान म्हणाला. त्याने लाल तार गाडीच्या डाव्या बाजूने आणि सिग्नलची तार उजव्या बाजूने नेली. एका ठिकाणी त्या ओलांडाव्या लागल्या. तेथे त्याने त्या काटकोनात ओलांडल्या. या कामाला आणखी एक तास गेला.

"बाजारात एक फिल्टर मिळतो ना?" ड्रायव्हरने विचारले. "माझा मित्र म्हणत होता, तो लावला की आवाज बंद."

"मिळतो," चाचा म्हणाले. "पण अर्थ कच्चा ठेवून फिल्टर लावणं म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवणं. आणि एक लक्षात ठेवा. फोन गाडीतल्या चार्जरला आणि सिस्टिमच्या तारेला एकदम जोडलात, तर कधी अशीच शिट्टी येईल. तेव्हा आधी चार्जर काढून बघा. लगेच आमच्या पोराला शिव्या देऊ नका!"

ड्रायव्हर हसला. त्याने इंजिन सुरू केले, आवाजाचे बटण शून्यावर आणले आणि कान देऊन ऐकले. मग ॲक्सिलरेटर दाबून पुन्हा ऐकले. जाताना तो भाईजानला म्हणाला, "उद्या परत आलो, की हॉर्नचं काम आहे. तूच कर."

चाचांनी मीटर पुसून डब्यात ठेवला आणि दुपारच्या नमाजला जाताना दुकानाची किल्ली भाईजानच्या हातात दिली.

स्वाध्याय

१. ड्रायव्हर रागावून का आला होता?
२. आवाजाचे बटण शून्यावर आणल्यावर चाचांना काय कळले?
३. भाईजानने कामात कोणत्या दोन चुका केल्या होत्या?
४. 'अर्थ' या शब्दाचे पाठातील दोन अर्थ सांगा.
५. खरखर, टिकटिक, शिट्टी यांसारखे आवाजाचे आणखी पाच शब्द लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.