ट्रायलच्या कागदावर सही करण्यापूर्वी

कॅन्सरच्या ओपीडीत ‘ट्रायल’ हा शब्द निघाला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार का?’ हा प्रश्न विचारायला मुळीच संकोचू नका. त्याचं उत्तर द्यायला वेळ काढणं हे डॉक्टरांचं कामच आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातलं एक उदाहरण घ्या. डोकं-मानेच्या कॅन्सरवर निवोलुमॅब नावाचं इंजेक्शन उपयोगी पडतं, पण पूर्ण मात्रेचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपत नाही. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी औषध देऊन पाहिलं. आजार पुढे गेलेले १५१ रुग्ण यात होते. एका गटाला कमी मात्रेच्या गोळ्या, दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि हे इंजेक्शन. वर्षभरानंतर हयात असण्याचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे १६ टक्के, तर दुसऱ्यात ४३ टक्के निघालं. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू आणि गुटख्याने पोखरलेल्या आपल्या राज्यासाठी ही केवढी मोलाची गोष्ट आहे! आणि ज्या गटाला इंजेक्शन नव्हतं, त्यालाही उपचार चालूच होते, हे लक्षात घ्या. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते संगणकाने चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. म्हणून ‘मला नवीन औषध मिळेलच ना?’ याला प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच असतं.

संमतीपत्र पानंच्या पानं असतं. ते मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस वाचा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते समजावून सांगावं लागतं. ट्रायलच्या औषधामुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाईची तरतूद काय, नेहमीचा उपचार कोणता आणि तो घेतला तर काय, हे विचारा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांकही विचारा. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘आईला कॅन्सर आहे हे सांगू नका, ती खचेल,’ असं मुलं दाराबाहेर गाठून सांगतात. त्यामागची माया मला कळते. पण आजार ठाऊक नसलेल्या माणसाची संमती ही संमतीच नव्हे. आई शुद्धीत आहे, विचार करू शकते, तर निर्णय तिचाच आणि अंगठा किंवा सहीही तिचीच. मुलाची सही तिथे चालत नाही. अनेकदा आईला सगळं उमगलेलं असतं. पोरांना त्रास नको म्हणून ती गप्प असते. तिच्याशी कोणी बोलायचं हे घरात ठरवा. जमत नसेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना सोबत घ्या. तिला पेलेल तेवढं, तिच्या गतीने सांगता येतं.

ट्रायलमध्ये गेलात की काढे, भस्मं, शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या गोळ्या यांतलं काहीही लपवू नका. काहींचा यकृतावर परिणाम होतो, काही औषधाशी झगडतात. बाहेरगावाहून येत असाल तर जाण्यायेण्याचा खर्च मिळतो का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. समन्वयकाचा फोन नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. केमोच्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला, थंडी वाजली, सतत उलट्या-जुलाब झाले किंवा धाप लागली, तर घरच्या घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. फोन करा आणि त्याच रात्री जवळच्या रुग्णालयात पोहोचा. ट्रायलचं कार्ड सोबत न्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना कोणतं औषध चालू आहे ते कळेल.